ढगांचा पट्टा आणि दोन संस्था

मोसमी पाऊस म्हणजे अवाढव्य प्रमाणावरचे खारे वारे, असे शाळेच्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. या समजाला जोरदार धक्का दिला १९८०मधल्या एका शोधनिबंधाने. तो लिहिणारे दोघे दोन संस्थांतले होते: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डी. आर. सिक्का आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ. उपग्रहाने टिपलेली ढगांची रोजची चित्रे लावून पाहताना त्यांना दिसले, की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकतो आणि जमिनीवरच्या विरत चाललेल्या पावसाला नवे बळ देतो. सिक्का हवामान-नकाशे वाचण्यात मुरलेले, तर गाडगीळांची बैठक गणिताची. विद्यापीठे आणि हवामान संस्था यांच्यातले सहकार्य असे हवे, एकाच नोंदींवर डोके घालून बसण्याचे. नुसत्या सामंजस्य करारातून ते येत नाही.

हा दोन प्रतिभावंतांचा योग होता, त्यावरून धोरण कसे ठरवायचे, असे कुणी विचारेल. पण अमेरिकेतून परतल्यावर गाडगीळ सुरुवातीला पुण्याच्या याच संस्थेत काम करत होत्या. संस्थेने बाहेरच्या संशोधकाला टेबल दिले की असे योग जुळतात, आणि टेबल देणे हा धोरणाचाच भाग आहे. आता महासंगणक आहेत, माणसे कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच संस्थेत घडलेली आणि मे २०२५मध्ये देशाला मिळालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामान मांडते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. तरीही एकेकटा ढग या चौकटीपेक्षा लहानच असतो, त्याचे वर्तन सूत्रांनी अजमावावे लागते. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईपर्यंत येता येता का ओसरतो, हे भौतिकशास्त्रातून समजून घेतलेला विद्यार्थीच ती सूत्रे सुधारेल. म्हणून त्याच्या अभ्यासक्रमात फसलेले अंदाजही हवेत, कच्च्या नोंदींसकट.

अशाने विद्यापीठ हे हवामान खात्याचे बिनपगारी कार्यालय होईल, ही भीती मला खरी वाटते. त्यावर उपाय एकच: प्रश्न निवडण्याचा हक्क विद्यापीठाकडे राहावा. गाडगीळांनी कर्नाटकातल्या पावगडच्या शेतकऱ्यांबरोबर काम केले ते अशाच मोकळिकीतून. कोरडवाहू भुईमूग केव्हा पेरावा म्हणजे नेमका शेंगा भरताना पावसाचा खंड पडणार नाही, हा तिथला प्रश्न होता. त्याच्या उत्तराला कित्येक दशकांच्या पाऊस-नोंदी लागतात, आणि त्या जपण्याचे काम हवामान खाते १८७५पासून करत आले आहे.