प्रशीतक द्रव्यांचे नियमन : केंद्र, राज्य आणि बाजारपेठेचे गाव

शीतकपाटात फिरणारे प्रशीतक द्रव्य बंद नळ्यांत असेतोवर निरुपद्रवी असते. हवेत सुटले म्हणजे मात्र त्याला राज्याची सीमा उरत नाही. त्याचे नियमन कोणी करावे, हा प्रश्न म्हणूनच संघराज्यात महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेत संघीय नियम २०१७ साली न्यायालयात अंशतः रद्द झाले, तेव्हा कॅलिफोर्नियाने २०१८ साली स्वतःचा कायदा केला. संघाचा व्यापक कायदा २०२० मध्ये आला. दोहोंचा मेळ घालणे हा तेथील प्रश्न होय. भारताची घडण निराळी आहे. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत असला, तरी संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदान्वये आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसदेला संपूर्ण देशाकरिता कायदा करता येतो. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम याच आधारावर उभा असून, त्याच्या २४ व्या कलमाने विसंगत कायद्यांवर त्याला अधिमान दिला आहे. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि ओझोनक्षयकारी द्रव्यांच्या नियंत्रणाचे नियम २००० साली याच अधिनियमाखाली झाले. किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ साली मान्यता दिली; तदनुसार हायड्रोफ्लुरोकार्बनांचा वापर २०२८ साली गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे.

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या, समृद्धी महामार्गालगतच्या बाजारपेठेच्या गावाकडे पाहिले म्हणजे या एकसूत्रतेची मर्यादा ध्यानी येते. उत्पादक व आयातदार मोजके असल्याने त्यांच्यावर नजर ठेवता येते. दुरुस्तीचे काम मात्र गावोगाव विखुरलेले असते. जुन्या यंत्रातील आर-२२ वायू हवेत सोडण्यास क्षणच पुरतो. तो टाकीत परत भरून घेण्यास उपकरण व वेळ लागतो, आणि त्याचा मोबदला गिऱ्हाईक सहसा देत नाही. असा एक किलो वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवितो. त्याची जागा घेणारा प्रोपेन वायू या दोषातून बव्हंशी मुक्त असला, तरी ज्वालाग्राही आहे. तेथे अज्ञान कारागिराच्या जिवावर बेतू शकते.

केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते, ते याच कारणाने. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था राज्याच्या हाती आहेत. तेव्हा आपल्याकडे मेळ घालावयाचा आहे तो दोन कायद्यांचा नव्हे, तर कायदा आणि कारागिराचे कसब यांचा. आणि ते कार्य मुख्यत्वे राज्याचेच आहे.