ड्रिल तापलं, तर हाड धरत नाही

महाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपात ड्रिल मशीनपाशी पाच मिनिटं उभं राहा. भोक पाडताना फिटर बिट सारखं वर घेतो, चुरा बाहेर पडू देतो, कूलंटची धार चालू ठेवतो. धार बंद पडली की बिट निळं पडतं आणि भोक बिघडतं. दाताचं इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसणारा स्क्रू, बसवताना डॉक्टर जबड्यात जवळपास हेच करतात. फरक एवढाच की लोखंड तापून निवलं तरी लोखंडच राहतं. हाड मात्र तापलं तर मरतं. इम्प्लांटबद्दलचे बरेच गैरसमज जबड्याला लोखंडासारखं धरल्यामुळे होतात.

गैरसमज : ड्रिल जितकं वेगात, तितकं काम झटपट आणि त्रास कमी.

वस्तुस्थिती : कीड कोरायची एअरोटर मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेते. इम्प्लांटची जागा तिने करत नाहीत. त्यासाठीचं ड्रिल साधारण ८०० ते १२०० फेऱ्यांवर चालवतात. १९८३ साली एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी सशांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलेल्या हाडाला इजा होते. अंगाचं तापमान ३७ अंश, म्हणजे हाताशी अवघे दहा अंश. म्हणूनच सलाईनची धार सोडतात, ड्रिल वर-खाली करतात, आणि दोन मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने सुरुवात करून भोक टप्प्याटप्प्याने वाढवतात. धार गेलेलं ड्रिल कापण्याऐवजी घासतं आणि तापतं. ते वेळेवर बदलावं लागतं. काही डॉक्टर अगदी संथ, मिनिटाला शंभरेक फेऱ्यांवर, पाण्याविनाही ड्रिल करतात. तेव्हा निघालेला हाडाचा चुरा गोळा करून जिथे हाड कमी पडतं तिथे भरता येतो.

गैरसमज : स्क्रू जेवढा आवळला, तेवढा टिकाऊ.

वस्तुस्थिती : पहिल्या दिवशी इम्प्लांट आट्यांच्या जोरावर उभं असतं, हे खरं. पण पुढची वर्षानुवर्षांची पकड आट्यांची नसते. हाड धातूला लागून वाढतं, त्याची असते. १९५२ मध्ये स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. काढायला गेले तर ते हाडाशी एकजीव झालेलं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असं पहिलं इम्प्लांट बसवलं. केमिकल प्लांटमध्ये टायटॅनियम गंजाला दाद देत नाही ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. शरीरही या धातूला सामावून घेतं, त्यात याच थराचा मोठा वाटा आहे. इम्प्लांट बसवताना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर धरतात. त्याच्या फार पलीकडे आवळलं तर कडेचं हाड दाबून मरू शकतं आणि घट्ट बसलेला स्क्रूच पुढे ढिला होतो.

गैरसमज : हाड जितकं टणक, तितकं इम्प्लांटला चांगलं.

वस्तुस्थिती : खालच्या जबड्याचं पुढचं हाड सर्वांत टणक असतं. तिथे पकड छान मिळते, पण रक्तपुरवठा कमी आणि ड्रिल लवकर तापतं. वरच्या दाढांकडचं हाड मऊ, जाळीदार. तिथे भोक मुद्दाम थोडं लहान ठेवतात, किंवा खास ड्रिल उलटं फिरवून हाड कापण्याऐवजी कडेला दाबून घट्ट करतात. एकच पद्धत सगळ्या तोंडाला चालत नाही.

गैरसमज : दात काढून चार वर्षं झाली, तरी हाड कुठे जातंय?

वस्तुस्थिती : जातं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून हाडाची उंची-रुंदी मोजतात. खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखतात, कारण ड्रिलचं टोक खुणेच्या थोडं पुढे जातं.

गैरसमज : आज स्क्रू, उद्या दात.

वस्तुस्थिती : पहिल्या काही आठवड्यांत आट्यांभोवतीचं जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून भरायचं असतं. नेमकी तेव्हा पकड सर्वांत कच्ची. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला चार ते सहा. काही निवडक रुग्णांना लगेच दात बसवता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा. पोलादपूरहून येणाऱ्याने किंवा शिफ्टवाल्याने दवाखान्याच्या फेऱ्यांचा हिशेब आधीच करून ठेवावा.

गैरसमज : साठी उलटली की हाड धरत नाही.

वस्तुस्थिती : नुसतं वय आड येत नाही. आटोक्याबाहेरची साखर आड येते, तंबाखू आड येते. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या काही गोळ्या-इंजेक्शनांमुळे जबड्याची जखम भरायला अडचण येऊ शकते. ती चालू असतील तर आधी सांगावं, मनाने बंद करू नयेत.

आणि एक गोष्ट बहुतेकदा सांगायची राहून जाते. डॉक्टर विचारतात, “तंबाखू खाता का?” आजी म्हणते, “छे, कधीच नाही,” आणि सकाळी मशेरी लावलेली असते. तिच्या लेखी ते दात घासणं. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरडीवर तीच चोळली जाते. आजीबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा तेवढं तुम्ही सांगा.