रंगीत काचेची शेड: भ्यायचे कशाला, जपायचे कुठे

वेरूळच्या लेण्यांकडे जाताना वाटेत स्फटिक आणि अकीक विकणारे भेटतात. गिऱ्हाईक जरा रेंगाळले की विक्रेता अकीकाची पातळ चकती उचलून उन्हासमोर धरतो. आतापर्यंत नुसता दगड वाटणारी ती चकती कडेपर्यंत उजळते आणि आतले एकेक वलय मोजता येते. रंगीत काचेच्या लॅम्पशेडचे मर्म एवढ्या कृतीत आहे. वस्तूवर पडणारा उजेड वेगळा, वस्तूतून गाळून येणारा वेगळा, आणि शेड करणाऱ्याचा सगळा व्यवहार या दुसऱ्या उजेडाशी असतो.

अकीकाची चकती काचेच्या तुकड्यांच्या जोडीने शेडमध्ये बसवताही येते, फार सुंदर दिसते. फक्त घेताना एक लक्षात ठेवावे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात सापडणारा अकीक बहुधा राखी, दुधी किंवा तपकिरी असतो. भडक निळ्या, गुलाबी, जांभळ्या चकत्या रंगवलेल्या असतात. अकीकाला सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे तो रंग पितो, आणि त्यातले काही रंग उजेडात फिके पडतात.

मी हे काम घरीच करते, छंद म्हणून. बघायला येणाऱ्यांच्या प्रश्नांवरून एक गोष्ट जाणवते: ज्याला भ्यायचे कारण नाही त्याला लोक भितात, आणि जिथे जपायला हवे तिथे बिनधास्त असतात. म्हणून हे लिहावेसे वाटले.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रंग कोणते वापरता?" ग्लास पेंटिंगचा संच बहुतेकांनी कधी ना कधी हाताळलेला असतो. ट्यूबमधल्या काळ्या लाइनरने रेषा काढायच्या आणि मधल्या जागेत पारदर्शक रंग भरायचे. छान छंद आहे, पण हा नव्हे. शेडच्या काचेत रंग आरपार मुरलेला असतो, कारण काच भट्टीत वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने गडद निळा येतो, मँगनीजने जांभळा, लोहाने हिरवट. तांब्याने भट्टीतल्या हवेप्रमाणे मोरपिशी किंवा लाल येतो. काही गुलाबी आणि माणकासारख्या लाल काचांमध्ये सोन्याचा अंश असतो, त्यामुळे त्यांची किंमत ऐकून माणूस दचकतो. हे रंग खरवडून निघत नाहीत आणि उन्हाने उडत नाहीत.

यावर कुणीतरी मुंबईतल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांचा दाखला देते, की तिथले चेहरे तर रंगवलेलेच दिसतात. बरोबर आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चसारख्या ठिकाणी चेहऱ्याची रेषा आणि वस्त्राची चुणी ही काचेची पूड आणि धातूंची ऑक्साइडे यांच्या लेपाने काढून भट्टीत पक्की केलेली असते. चांदीच्या संयुगाचा लेप भाजून काचेला पिवळी झाक देण्याची युक्ती चौदाव्या शतकापासून चालत आलेली आहे. पण ती रीत खिडकीची, कारण खिडकीला गोष्ट सांगायची असते. लॅम्पशेडमध्ये कुंचला सहसा लागतच नाही. फुलाची पाकळी देठाकडे गडद आणि टोकाला फिकी हवी असेल, तर काचेच्या अख्ख्या तावावर नेमकी तशी छटा कुठे उतरली आहे ते शोधायचे आणि तेवढाच तुकडा काढायचा. काच निवडणे हीच इथली चित्रकला. ताव पाठीमागून उजेड ठेवूनच निवडावा. दुकानातल्या रॅकमध्ये मरगळलेली दिसणारी काच दिव्यापुढे जिवंत होते आणि चकचकीत दिसणारी कधी कधी अगदीच फिकी निघते.

या निवडीचे श्रेय कुणाला, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. अशा शेडना सरसकट टिफनी लॅम्प म्हणतात आणि न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनी (1848–1933) यांनीच त्या सगळ्या रेखाटल्या असे अनेक वर्षे धरून चालले होते. पुढे त्यांच्या कारखान्यातल्या क्लारा ड्रिस्कॉल यांनी घरी लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती आली आणि 2007 साली न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्यावर प्रदर्शन भरवले. क्लाराबाई काच कापणाऱ्या स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. चतुराची नक्षी असलेला, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गौरवला गेलेला दिवा त्यांचा. विस्टेरियाच्या निळसर घोसांची, सुमारे 2000 तुकड्यांची शेडही त्यांचीच. त्या विभागातल्या मुली तावातून तुकडे निवडत आणि कापत, आणि लग्न झाले की नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागे. हे मी प्रत्येकाला सांगते. ज्या कामातला जीव निवडीत आहे, ते निवडणारे हात शंभर वर्षे निनावी राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

"पण हे आपले नव्हेच, परदेशी खूळ," असेही ऐकू येते. शेडचा हा घाट अमेरिकेतला आहे, हे मान्य. रंगीत काच मात्र या मुलखाला नवी नाही. पैठण, भोकरदन आणि तेर इथल्या उत्खननांत सातवाहन काळातले काचेचे मणी निघाले आहेत; म्हणजे वेरूळची लेणी कोरली जाण्याच्याही कितीतरी आधीपासून इथली माणसे रंगीत काच अंगावर मिरवत होती. पुढे वाड्यांच्या झडपांत लाल, हिरवी, निळी तावदाने आली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाला. त्याच्या ग्रंथालयातल्या रंगीत काचा टॉवरच्या जीर्णोद्धारात पुन्हा उजळल्या, त्यालाही आता दहा वर्षे होऊन गेली. उजेडाला वाट काढून द्यायची कला पाहायची असेल तर वेरूळचे दहावे लेणे पाहावे. त्या चैत्याला दर्शनी भागात वर झरोका आहे, आणि मार्च महिन्यात काही दिवस मावळतीचे ऊन त्यातून थेट आतल्या बुद्धमूर्तीवर येते. काच नाही, दिवा नाही, नुसती दिशा साधलेली.

गोल शेड पाहून लोकांना वाटते की काच वाकवली असणार, म्हणजे भट्टी लागणार. भट्टी लागत नाही. एकेक तुकडा सपाटच असतो. शेडच्या आकाराच्या साच्यावर ते शेजारी शेजारी मांडले की लांबून गोलाई भासते, आणि बाक जितका जास्त तितके तुकडे लहान घ्यावे लागतात. प्रत्येक तुकड्याची कड घासून तिला मागे डिंक लावलेली तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची, फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरवणारे रसायन, लावायचे आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यावर डाख, म्हणजे सोल्डर, वितळवून सोडायचे. काचेला सोल्डर चिकटत नाही, तांब्याला चिकटते. सगळी शेड त्या तांब्याच्या जाळीच्या बळावर उभी असते. खिडक्यांसाठी शिशाच्या खाचदार पट्ट्या वापरतात. त्या जाड असल्याने लहान तुकड्यांच्या शेडला शोभत नाहीत.

आता कापण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. खरे तर काच आपण कापत नाही, तिला कुठून तुटायचे ते सांगतो. कटरच्या टोकाला कठीण धातूचे लहानसे चाक असते. ते थेंबभर रॉकेलात किंवा तेलात भिजवायचे आणि काचेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता न्यायचे. दाब बरोबर असेल तर बारीक, एकसारखी चरचर ऐकू येते. आवाज मध्येच तुटला तर रेघ तिथे अधू राहिली. जोर जास्त झाला तर रेघेच्या कडेने पांढरी भुकटी उडते, आणि मग काच मन मानेल तिकडे जाते. एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा चाक फिरवू नये. तेवढ्यानेच चाक बोथट होते आणि तुकडाही वाया जातो. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना मुठी धरायच्या, अंगठे वर, बोटे खाली, आणि मनगटे बाहेरच्या अंगाला वळवायची. तडा रेघेखालून धावत जातो आणि टक् करून दोन तुकडे हातात येतात. आतल्या बाजूने खोल वळण असेल तर ते एका रेघेत निघत नाही. उथळ कमानी एकामागून एक काढत तिथवर पोहोचावे लागते.

या सगळ्यात बोट क्वचितच कापते. कापते ते नंतर, टेबलावरचा चुरा हाताने सारताना. त्यासाठी ब्रश ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि पायात चप्पल. घरातली कुठलीही काच चालेल हाही भ्रम सोडावा. गाडीच्या दाराची किंवा स्नानगृहातल्या पार्टिशनची टफन्ड काच कापताच येत नाही. तिच्यातला ताण मोकळा झाला की अख्खी काच दाणेदार चुऱ्यात ढासळते. साधी 3 मिलिमीटर जाडीची तावदानाची काच सरावाला उत्तम.

मुद्द्याची काळजी शिशाची आहे, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे असते. ते 183 अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि 190 च्या आसपास पुरते पातळ होते. लोक वर उठणाऱ्या धुराला घाबरतात. तो धूर शिशाचा नसतो, फ्लक्सचा असतो. शिशाची वाफ व्हायला याहून कितीतरी जास्त तापमान लागते. फ्लक्सचा धूरही छातीला त्रासदायक असतो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि हवा आपल्यापासून बाहेर जायला हवी. पण शिसे शरीरात जाते ते मुख्यतः हातावाटे तोंडात. सोल्डरची तार धरलेल्या बोटांनी चहाचा कप उचलला, मध्येच शेंगदाणे खाल्ले, की गेले. मुलांच्या बाबतीत रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये, लहान मुले आणि गरोदर बायका जवळ नसाव्यात, कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, उठताना साबणाने हात धुवावेत. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काच घासताना निघणारी पूडही पाण्याखालीच राहू द्यावी, कोरडी उडू देऊ नये. बिनशिशाचे सोल्डर मिळते. ते महाग असते आणि थोडे जास्त तापवावे लागते, पण घरात लहान मूल असेल तर मी तेच घ्यायला सांगेन. तयार शेड नुसती टांगलेली असली तर तिच्यातून शिसे हवेत पसरत नाही. तिच्यावरची धूळ पुसल्यावर हात मात्र धुवावेत.

काच ही फार सावकाश वाहणारी द्रव वस्तू आहे, म्हणून जुन्या तावदानांचा तळ जाड होतो आणि शेडही कालांतराने ओघळेल, असे शिकलेली माणसेही सांगतात. तसे नाही. पूर्वी ताव हाताने बनत, त्यांची जाडी कमी-जास्त असे आणि तावदान बसवताना पुष्कळदा जाड कड खाली येई. मध्ययुगीन काचेच्या घडणीवरून 2017 साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा नेहमीच्या तापमानात ती अब्ज वर्षांत जेमतेम 1 नॅनोमीटर सरकेल असे निघाले. शेड वाकडी होते ती काचेमुळे नाही, मऊ सोल्डर वजनाने ताणले गेल्यामुळे. म्हणून खालच्या कडेला तांब्याची तार जोडून घ्यावी आणि वरची पितळी टोपी प्रत्येक उभ्या सांध्याशी पक्की करावी. सगळा भार तिच्यावर असतो.

बल्बबाबतीत चूक वेगळीच होते. आपल्या घरांतला एलईडी बल्ब बहुधा 6500 केल्विनचा पांढराशुभ्र असतो. त्यापुढे लाल, केशरी, मधाळ काचा निस्तेज दिसतात आणि दोष काचेवर येतो. त्याच शेडमध्ये 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब लावून बघावा. पारदर्शक काचेच्या शेडमध्ये बल्बच डोळ्यांत खुपतो, म्हणून शेडसाठी दुधाळ, ओपलेसंट काच बरी. जॉन ला फार्ज यांनी 1880 साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते. आणि एलईडी तापत नाही असे समजून टोपीची छिद्रे बुजवू नयेत. त्याच्या बुडातले इलेक्ट्रॉनिक सुटे भाग कोंडलेल्या उष्णतेने लवकर जळतात.

पहिली शेड सहा पाकळ्यांची करावी. प्रत्येक पाकळी वर 4 सेंटिमीटर, खाली 12 आणि उंचीला 18. साचा लागत नाही. सहाही पाकळ्या टेबलावर पंख्यासारख्या उलगडून शेजारी मांडायच्या, वरून चिकटपट्ट्या लावायच्या आणि सगळे एकदम उचलून दोन टोके जुळवायची. शेड आपोआप उभी राहते. मग सांध्यांवर सोल्डरचे ठिपके देऊन ती धरून ठेवायची आणि नंतरच सलग भरायचे. यासाठी परदेशी ताव मागवायची गरज नाही. न्हाणीघराच्या खिडकीला लावतात ती नक्षीची काच हार्डवेअरच्या दुकानात मिळते, उजेड चांगला पसरवते, आणि तिच्यात एखाद-दुसरी रंगीत पट्टी घातली तरी शेड खुलते.

शेवटचे, वायर जोडण्याचे काम मात्र स्वतः करू नये. तांबे, सोल्डर आणि पितळ मिळून अख्खी शेड ही विजेला वाट देणारी एक जाळी असते. होल्डरपाशी वायरचे प्लास्टिक कुठे सोलले गेले तर वीज एका सांध्यापुरती राहत नाही, सगळ्या शेडमध्ये खेळते. तीन तारांची वायर घ्यावी, अर्थिंगची तार पितळी टोपीला जोडून घ्यावी, वायर आत शिरते तिथे रबरी बूच बसवावे आणि हे सगळे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.