जुळ्यांची शाळा : एक तुकडी की दोन?

एकाच दिवशी दोन दप्तरं, दोन रेनकोट, डबल फी... आणि एक मोठ्ठा प्रश्न. जुळ्यांना वर्गात एकत्र बसवायचं की वेगळं?

जूनमधली सकाळ. विरार वेस्टच्या एका नर्सरीचं गेट. बाहेर धो धो पाऊस आणि आत धो धो रडणं. या सगळ्या गोंधळात माझ्या दोन भाच्या मात्र एकमेकींचा हात धरून टुणटुणत आत गेल्या. सेम रेनकोट, सेम वॉटरबॅग, सेम दोन वेण्या. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. ताई एकदम खूश! तिला चर्चगेट फास्ट पकडायची होती. ‘‘जुळ्यांचा हाच तर फायदा. कंपनी घरूनच घेऊन येतात!’’ असं म्हणत ती रिक्षात बसलीसुद्धा.

दिवाळीनंतर ओपन हाउस झालं आणि टीचरनी बॉम्ब टाकला. ‘‘धाकटी वर्गात एक शब्दही बोलत नाही.’’ ताईला पटेचना. घरात तर दोघींचा दिवसभर कलकलाट! पण मग आम्ही जरा नीट लक्ष दिलं. धाकटीला विचारलं, ‘‘तुला काय हवं, चिकू की केळं?’’ उत्तर आलं थोरलीकडून. ‘‘तिला चिकू हवाय.’’ सात मिनिटांनी मोठी असलेली थोरली धाकटीची परमनंट पीआरओ झाली होती. आणि ‘किती गोड!’ म्हणत आम्हीच ते चालवून घेत होतो.

जुळ्यांचं दुखणं

आपल्याकडे ‘जुळ्यांचं दुखणं’ असा वाक्प्रचारच आहे. एकाला झालं की दुसऱ्याला होणारच. म्हणजे दोघांना एकच धरायची सवय थेट भाषेतच मुरलेली! बारशाला यमक जुळणारी नावं, एका ताग्यातले फ्रॉक, एकच केक. घरात ही गंमत असते. पण भरलेल्या वर्गात ‘त्या जुळ्या’ म्हणून ओळख झाली की एकीनं दिलेलं उत्तर दोघींच्या खात्यात जमा होतं.

त्यात जुळी मुलं सरासरीनं थोडी उशिरा बोलायला लागतात. बरीच जुळी वेळेआधी जन्मतात आणि मोठ्यांशी एकेकट्यानं गप्पा मारायची संधीही त्यांना कमीच मिळते. शिवाय आपसात खुणांवर भागतं. मग बोलायचं कशाला?

वेळेआधी जन्माचा आणखी एक गुंता आहे. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३ आणि पहिलीसाठी ६ वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण लागतात. जानेवारी-फेब्रुवारीची तारीख दिलेली जुळी डिसेंबरातच आली, तर कागदावर ती एक बॅच आधी पात्र ठरतात! पण वय बसतं म्हणून नर्सरीत घालायलाच हवं असं नाही. बोलणं, टॉयलेट, डबा स्वतः खाणं हे जमत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून एक वर्ष थांबलेलं बरं.

तोडायचं की जोडायचं?

‘जुळ्यांना वेगळंच करा, तरच स्वतंत्र होतील’ असा सल्ला सोसायटीतल्या प्रत्येक काकू देतात. अभ्यास काय सांगतो? ब्रिटन आणि कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ९ हजारांहून जास्त जुळ्या जोड्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ ते १६ वयातले मार्क आणि अभ्यासाची गोडी त्यात तपासली होती. एका वर्गात असण्या-नसण्यानं सरासरी जवळपास काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असा नियमच नाही. आपली जोडी कशी आहे ते बघून ठरवायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं तर २००५ मध्ये कायदा करून जुळ्यांच्या वर्गाबद्दल पालकांचा शब्द महत्त्वाचा मानला.

आपल्या वसई-विरार पट्ट्यात मात्र चॉइस असेलच असं नाही. टॉवरांच्या गर्दीतल्या मोठ्या शाळेत ए, बी, सी, डी तुकड्या मिळतील, गावातल्या छोट्या शाळेत एकच. तरी हरकत नाही. वर्ग एक असला तरी बाक दोन असू शकतात!

जुळ्यांच्या आईबाबांसाठी

- अॅडमिशनच्या वेळीच शाळेशी बोला. निर्णय दरवर्षी बदलता येईल का, तेही विचारा.
- दप्तर, डबा, वॉटरबॅगचे रंग वेगळे घ्या. युनिफॉर्म सेम असणारच, म्हणून हेअरबँड किंवा बॅज वेगळा ठेवा. टीचरना नाव घेऊन हाक मारता आली पाहिजे.
- शाळा सुरू होण्याआधी वेगळं राहायची सवय लावा. एक आजोबांबरोबर बाजारात, दुसरी बाबांबरोबर बागेत.
- ओपन हाउसला दोघांसाठी वेगवेगळा वेळ मागा. तुलना नको.
- ‘मोठीचा युनिफॉर्म धाकटीला’ ही सोय इथे नाही. भावंडांना फीमध्ये सवलत आहे का, बिनधास्त विचारा!

आणि आमच्याकडे?

ज्युनिअर केजीला ताईनं दोघींना दोन तुकड्यांत घातलं. धाकटीच्या काळजीनं पहिल्या दिवशी तिनं चक्क रजा टाकली. पण गंमत बघा, रडली ती थोरली! चांगली आठवडाभर. जिला आम्ही आधार समजत होतो, ती स्वतःच कुणाची तरी वकिली करण्याच्या आधारावर उभी होती. टीचरनी मधल्या सुट्टीत दोघींना एकत्र डबा खायला बसवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

परवा मी गेले होते. विरार लोकलमधून चेपून आलेली ताई सोफ्यावर टेकली नाही तोच दोघी तिच्यावर तुटून पडल्या. एकीच्या वर्गात बेडूक आला होता, दुसरीच्या टीचरना शिंक आली होती. आधी एकच बातमी दोन तोंडांनी यायची. आता दोन चॅनल सुरू झालेत.

‘‘डोकं उठतं गं,’’ ताई म्हणाली. आणि धाकटीकडे वळून तिनं विचारलं, ‘‘मग? बेडकाचं पुढे काय झालं?’’

थोरली गप्प बसून ऐकत होती.