खानदेशचा उन्हाळा आणि धावपट्टीची लांबी

धावपट्टी एकदा मोजली म्हणजे तिची लांबी कायमची ठरली, असे आपण समजतो. वैमानिकाच्या दृष्टीने हे खरे नाही. जळगावच्या विमानतळाची पट्टी सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे. परंतु पौषातील पहाटे ती जितकी पुरते, तितकी वैशाखातील दुपारी पुरत नाही. याचे कारण डांबरात नसून हवेत आहे.

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीवर, १५ अंश सेल्सिअस तापमानास, हवेची घनता दर घनमीटरास १.२२५ किलोग्रॅम असते. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंच आहे, आणि मे महिन्यात तेथे ४३ अंश तापमान ही नवलाची गोष्ट नव्हे. त्या उंचीचा प्रमाण दाब ९८३ मिलिबार धरून कोरड्या हवेची घनता काढल्यास ती १.०८ येते. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा सुमारे १,२६० मीटरांवर आढळते. वैमानिक हिलाच घनता-उंची म्हणतात. थोडक्यात, पंखांच्या व एंजिनाच्या लेखी त्या दुपारी जळगाव पाचगणीच्या आसपास जाऊन बसलेले असते! उन्हाळ्यात दाब आणखी १० मिलिबारांनी उतरला, तर या उंचीत शंभरेक मीटरांची भर पडते.

याचा धावेवर होणारा परिणाम काढणे कठीण नाही. उचलण्यास लागणाऱ्या वेगाचा वर्ग घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. एंजिनाचा रेटा घनतेच्या सम प्रमाणात घटतो असे स्थूलमानाने मानले, तर धावेचे अंतर घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. जानेवारीत १० अंशांच्या पहाटे जळगावची घनता १.२१ असते, म्हणून त्या वेळी ६०० मीटर धावून उचलणारे विमान मेमधील दुपारी सुमारे ७५० मीटर धावेल. शिवाय उचलल्यानंतरचे आरोहणही मंदावते, आणि माझ्या मते खरा धोका तोच आहे. धुळ्याजवळ गोंदूर येथे व शिरपूर येथे लहान विमानांवर वैमानिकांचे शिक्षण चालते. तेथे तर ही बाब प्रथम धडा म्हणून शिकवावयास हवी.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र भूगोल अनुकूल आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मधले तापीचे खोरे पश्चिमेकडे उघडे. पावसाळी वारा या वाटेने पूर्वेकडे येतो. त्याचे बळ साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहिल्या की कळते. जळगावची पट्टीही पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांचे ०९ व २७ हे अंक चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून मिळतात. समोरून येणारा पश्चिम वारा धाव कमी करतो.

वळवाचे तसे नाही. तापमान ४२ आणि दवबिंदू १४ अंश असल्यास, दर अंशाच्या फरकास १२५ मीटर या ठोकळ नियमाने, ढगाचा तळ सुमारे ३,५०० मीटरांवर येतो. त्याखालच्या कोरड्या हवेत पाऊस जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरून जातो. बाष्पीभवनाने थंड व जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर सर्व दिशांना पसरते. उतरणाऱ्या विमानास अशा वेळी प्रथम समोरचा वारा लागतो, वेग वाढल्यासारखा भासतो, आणि वैमानिक शक्ती कमी करतो. काही सेकंदांतच वारा मागून येऊ लागतो. जमिनीवर पाण्याचा थेंब नसतो, फक्त धूळ उठलेली दिसते. त्या धुळीचा अर्थ शेतकऱ्यास विमानविद्येवाचूनही कळतो.

अशा वेळी थांबणे किंवा अजिंठ्याच्या रांगेपलीकडे छत्रपती संभाजीनगरास वळणे, एवढेच उपाय उरतात. चिकलठाण्याची पट्टी जळगावहून बरीच लांब आहे, पण तो विमानतळ ५८० मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने हवा तेथे आणखी विरळ. हा पर्याय मोकळा ठेवण्यासाठी जादा इंधन बाळगावे लागते, आणि मे महिन्यात त्याचे वजन प्रवाशांच्या जागांतून वजा होऊ शकते.