मार्करची एक ओळ पुसायला दीड वर्ष का लागलं? आधुनिक चित्रं वाचवण्याचं काम कसं शिकवतात?

७ ऑक्टोबर २०१२. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात एक माणूस मार्क रॉथकोच्या 'ब्लॅक ऑन मरून' या १९५८ सालच्या चित्राजवळ गेला. खिशातून मार्कर काढला, खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि एक ओळ लिहिली आणि निघून गेला. त्याला पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. चित्र मात्र पुन्हा भिंतीवर लागायला मे २०१४ उजाडला.

भिंतीवरची शाई थिनरने निघते. मग इथे दीड वर्ष कशाला?

अडचण नेमकी काय होती?

रॉथको तैलरंग, सरस, अंडं, राळ असं बरंच काही मिसळून अतिशय पातळ थर देत असे. वर संरक्षक व्हार्निश नव्हतं. शाई थरांमधून झिरपत कॅनव्हासच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचली होती. त्यात शाई विरघळवणारं रसायन रंगही विरघळवण्याची भीती.

म्हणून पहिले नऊ महिने निव्वळ अभ्यासात गेले. रॉथकोच्या कुटुंबाने त्याच्याच काळातला, त्याच पद्धतीने तयार केलेला कॅनव्हास दिला. त्यावर नमुना रंगवून तो कृत्रिमरीत्या जुना केला, वर तशीच शाई लावली आणि एकेक द्रावण तपासलं. योग्य मिश्रण सापडल्यावरच मूळ चित्राला हात लागला.

जुनी चित्रं सोपी आणि नवी अवघड, असं कसं?

तीनशे वर्षांपूर्वीच्या तैलचित्राचा रंग वाळून टणक झालेला असतो आणि बहुतेकदा वर व्हार्निश असतं. अशा चित्रांवरची धूळ काढायला जाणकार लोक चक्क थुंकीत भिजवलेला कापूस वापरत आले आहेत. थुंकीतलं अमायलेज हे एन्झाइम मळ सोडवतं. हे तपासणाऱ्या पोर्तुगीज संशोधकांना २०१८ मध्ये 'इग नोबेल' मिळालं.

विसाव्या शतकात चित्रकारांनी हाताला येईल ते वापरलं. पिकासोने रिपोलिन हा घरं रंगवायचा रंग वापरला. पोलॉकने इनॅमल पेंट ओतला. १९५० च्या दशकाच्या मध्यात पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग बाजारात आले.

अॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच. नेहमीच्या तापमानाला ते किंचित मऊ राहतं, त्यामुळे धूळ त्यात रुतते. थंडीत ते ठिसूळ होतं. पाणी लावलं तर फुगतं आणि त्यातले साबणासारखे घटक बाहेर येतात. अॅसिटोन लावलं तर रंगच सुटतो. म्हणजे जुन्या चित्रांवर चालणारे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

मग नवशिके काय शिकतात?

साधारणपणे संवर्धनाची पदवी घेतल्यावर एखाद्या संग्रहालयात इंटर्नशिप किंवा फेलोशिप करावी लागते. तिथे पहिल्याच दिवशी कुणी पिकासो हातात देत नाही.

सुरुवात बघण्यापासून होते. चित्रावर तिरका प्रकाश टाकून भेगा, फुगवटे, सुटलेले पापुद्रे शोधायचे. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली आधीच्या दुरुस्त्या ओळखायच्या. सगळ्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या. दुसऱ्या संग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येक चित्राची तपासणी आधी आणि नंतर करायची.

मग रसायनशास्त्र. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने २००९ पासून अॅक्रिलिक चित्रांच्या सफाईवर कार्यशाळा घेतल्या. त्यात पाण्याचा पीएच आणि क्षारांचं प्रमाण कसं बदलायचं, पाणी आत मुरू नये म्हणून जेल कधी वापरायचं, हे नमुन्यांवर करून बघायला मिळतं. मूळ चित्रावर पहिला प्रयोग होतो तो कडेच्या, सहज न दिसणाऱ्या बारीकशा ठिपक्यावर.

जिवंत चित्रकाराशी बोलणं हाही प्रशिक्षणाचा भाग असतो. कोणता रंग वापरला? भेग मुद्दाम ठेवली की पडली? आज विचारलं नाही तर उद्या सांगणारं कुणी नसेल.

रंग उडाला असेल तर पुन्हा रंगवायचा?

इथे हाताला आवर घालायला शिकावं लागतं. दोन नियम पक्के: रंग गेला आहे तेवढ्याच जागी नवा रंग लावायचा, आणि तो पुढे कुणालाही काढता आला पाहिजे.

रॉथकोचंच दुसरं उदाहरण घ्या. हार्वर्ड विद्यापीठातली त्याची भित्तिचित्रं १९६४ मध्ये उन्हाच्या खोलीत लागली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग इतका उडाला की १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली, पण ब्रश न लावता. प्रोजेक्टरने हिशेबशीर रंगीत प्रकाश टाकून मूळ रंगाचा भास निर्माण केला. दिवसाअखेर प्रोजेक्टर बंद झाला की लोकांना फिकी पडलेली खरी चित्रंही दिसत.

आपल्याकडे काय?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून कला संवर्धन केंद्र आहे. त्याच वास्तूत जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय कलेचा संग्रहही आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवत. तय्यब मेहतांनी १९९७ चं 'महिषासुर' अॅक्रिलिकमध्ये केलं. दोघांच्या चित्रांची काळजी एकाच पद्धतीने घेता येणार नाही. त्यात मुंबईचा पावसाळा आणि दमट हवा. लंडनमधलं उत्तर इथे लागू पडेलच असं नाही, म्हणून इथल्या हवेत काम शिकलेले हात लागतात.

आणि तुमच्या घरी अॅक्रिलिकचं चित्र असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच धूळ झटका. रंग सुटताना दिसला तर तेही करू नका. चित्र जाणकाराला दाखवा.