मणक्यातला ‘गॅप’

‘‘डॉक्टर, मणक्यात गॅप पडलाय.’’ ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की करमाळ्यात हे वाक्य नेहमी कानावर येते. हातात एक्स-रेची पिशवी आणि चेहऱ्यावर एकच काळजी, हा गॅप आता भरायचा कसा? खरे तर हा गॅप निसर्गानेच ठेवलेला आहे.

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्याखालचे मणके एकमेकांना जुळून त्रिकास्थी व माकडहाड तयार होते. शरीराचा भार पेलणे, आपल्याला वाकू-वळू देणे आणि मज्जारज्जू जपणे ही कण्याची तीन कामे. नुसती हाडेच असती तर वाकता आले नसते. म्हणून मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या आहेत. बाहेर चिवट तंतूंचे थर, आत पाणीदार गर. एक्स-रेत हाड दिसते, गादी दिसत नाही. तिची जागा मोकळी वाटते, तोच तुमचा गॅप!

वयानुसार गादीतले पाणी कमी होते. तेव्हा ही जागा वाढत नाही, उलट अरुंद होते. पाठ मुळीच दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या १०० माणसांपैकी सुमारे ८० जणांच्या गाद्या एमआरआयमध्ये झिजलेल्या दिसतात. म्हणूनच उपचार नुसत्या फोटोवरून ठरवायचे नसतात.

गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीतूनच तिचे पोषण होते. कंबर दुखते म्हणून आठवडाभर अंथरूण धरणे म्हणूनच चुकीचे. दुखणे सोसेल इतपत हिंडत-फिरत राहिल्यास बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. रात्री आडवे झाल्यावर गादी पाणी शोषून फुगते. अशा गादीवर वाकताना ताण जास्त येतो. पहाटे फडात उतरणाऱ्यांनी आधी थोडे चालावे, मग कोयता हाती घ्यावा.

पाठ वाकवून २० किलो उचलताना गादीवरचा दाब सरळ उभे असतानाच्या चौपटीहून जास्त होतो. गुडघ्यात वाकून, वजन अंगाजवळ धरून उचलल्यास तो बराच कमी राहतो. उसाची मोळी असो की केळीचा घड, नियम हाच. टनावर मजुरी घेणाऱ्याला ‘मोळी लहान बांधा’ सांगणे सोपे नाही, हे खरे. पण मोळी डोक्यावर चढवताना दुसऱ्याचा हात घेतला तर टन कमी होत नाही.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नका. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. पुढे नसांचा झुबका असतो. त्यावर गादी दाबली तर लघवी अडते किंवा नकळत होते, बैठकीची जागा बधिर पडते, पायांतली ताकद जाते. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासायलाच हवा. त्याची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

आणि यातले काही असताना पाठ तुडवून किंवा मणका ‘बसवून’ घेऊ नका. गेलेला दिवस पुन्हा मिळतो; दबून निकामी झालेली नस परत मिळेलच असे नाही.